पान बासष्टवरची प्रभा

सुरेखाबाईंनी चाळीस वर्षं म्हणी गोळा केल्या. सासूच्या तोंडच्या, मावशीने फोनवर सांगितलेल्या, परदेशात भेटेल त्या मराठी बाईकडून काढून घेतलेल्या. निळ्या वहीत चारशे बारा झाल्या होत्या. तिथल्या मराठी मंडळातल्या जयदीपने ती वही स्कॅन करायला म्हणून नेली आणि वर्षभरात त्याचं इंग्रजी पुस्तक आलं, ‘मराठी अ‍ॅडेजेस’. कव्हरवर नाव त्याचं एकट्याचं. आभारांत सगळ्यात शेवटी ‘एक प्रेमळ आंटी’.

बाईंनी फोन केला, तर म्हणतो, ‘‘काकू, टेक्निकली अ‍ॅडेजला मालक नसतो. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं जुनं बोलणं ते. डिक्शनरी चेक करा ना.’’

बाईंनी चेक केली. मेल्याचं म्हणणं खरं निघालं, तेव्हा तर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. मग दात-ओठ खात त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पान बासष्टवर त्या थबकल्या, दोनदा वाचलं आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

प्रकाशनाला कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला होता. जुनी शेजारीण प्रभा आणि तिचा नवरा दिलीप यांना बाईंनी मुद्दाम आपल्या गाडीतून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. प्रश्न विचारायची वेळ आली, तशा त्या उठल्या.

‘‘जयदीप, माझं इंग्रजी यथातथाच. अ‍ॅडेज म्हणजे नेमकं काय रे?’’

त्याने खुशीत सांगितलं. जुनं, लोकांनी पारखलेलं, कोणी रचलं ते कुणालाच ठाऊक नसलेलं.

‘‘वा! मग पान बासष्टवरची, प्रभाच्या लोणच्याची वाच ना. खालच्या माहितीसकट.’’

त्याने वाचली. माहितीही वाचली, घसा साफ करून: ही प्रभा म्हणजे पेशवाईच्या काळातली साताऱ्याकडची एक गरीब विधवा.

‘‘अहो, कसली विधवा!’’ प्रभा ताडकन उठली. ‘‘ती मी! अठ्ठ्याऐंशी साली एअरपोर्टवर माझी लोणच्याची बरणी काढून घेतली, म्हणून मी रडले. या सुरेखाने दुसऱ्याच दिवशी पॉटलकच्या जेवणाला ते रचून सगळ्यांना ऐकवलं होतं!’’

‘‘आणि मी कधी गेलो?’’ दिलीपने विचारलं.

हॉल हसून हसून लोळला. जयदीपचं तोंड एवढंसं झालं. बाईंना त्याची कणभरही दया आली नाही. उलट चाळीस वर्षांचा शीण उतरल्यासारखं वाटलं.

त्या कोट घालत होत्या, तेव्हा तो मागे आला. ‘‘काकू, सॉरी. पण उरलेल्या चारशे अकरांत तुम्ही रचलेल्या किती? पब्लिशरला काय सांगू?’’

‘‘डिक्शनरी चेक कर ना,’’ बाई म्हणाल्या.

त्यांनी रचलेली तेवढी एकच होती. ते त्यांनी त्याला अजून सांगितलेलं नाही. तो दर रविवारी फोन करतो.