हंडा रिता करताना

देवापुढे ठेवलेल्या अन्नावर संशय घ्यावा काय, आणि तेच अन्न लेकरांच्या ओठी जाणार असता संशय न घेण्याचा अधिकार कुणास आहे, हे दोन प्रश्न सत्त्याण्णव सालच्या त्या चैत्री सकाळी कुरणवाडीच्या बिरोबापुढे एकाच हंड्याभोवती उभे होते.

आम्रपालीने हंड्यावरचे पांढरे फडके उचलले.

मंडपातला ढोल थांबला. जत्रेचा चौथा, शेवटचा दिवस होता. घरोघरचे पहाटेचे दूध, विस्तव न दाखवता, त्या पितळी हंड्यात पडले होते. तीन दिवस देवाला दुधाचे स्नान आणि चौथ्या दिवशी गावातल्या प्रत्येक लेकराला एक घोट, हा तिथला पिढ्यांचा शिरस्ता.

"फडकं खाली ठेव, पोरी," पुजारी बिराप्पा म्हणाले. त्यांच्या खांद्यावर काळी घोंगडी होती, हातात काठी. "सोपानची लेक हायस म्हून सबुरीनं बोलतुया."

"ठेवते, आबा. आधी पळीभर दूध द्या."

"दवाखान्यातली बाई देवाची नाडी बघाय आली, गड्या!" आप्पासो मागून ओरडला. हशा पिकला.

आम्रपालीने काखेतली पेटी ओट्यावर ठेवली. ती याच गावची, सांगलीच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेत नोकरीस होती. गेल्या वर्षी जत्रेनंतर या गावची अकरा मुले तिथे दाखल झाली आणि दहा परतली. अकरावी प्रांजल, बिराप्पांची सहा वर्षांची नात. नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखायला तीन दिवस लागले. आम्रपालीने अहवालावर सही केली तेव्हा ती मुलगी जाऊन एक दिवस उलटला होता. पुण्याहून चाचणीसाठी आलेली ही पेटी, हा जैवसंवेदक, तेच काम घटकाभरात करीत असे. प्रयोगशाळेच्या साहेबांकडून तिने ती दोन दिवसांपुरती मागून आणली होती. पट्ट्या तीनच मिळाल्या होत्या.

गावाने मात्र अहवालाची वाट पाहिली नव्हती. दोष विधवा चंद्राबाईच्या शेळ्यांवर ठेवून तिचे दूध हंड्यापासून दूर केले होते. कुणी घेणार नाही हे ठाऊक असून ती यंदा चारही दिवस चरवी भरून आणीत होती, आणि मंडपाच्या टोकाला मांडीवर घेऊन बसत होती.

"देवाच्या दुधाची परीक्षा व्हायची न्हाई," बिराप्पा म्हणाले.

"आन् हिनं हात लावल्यावर देवाला चालंल व्हय ते?" आप्पासो पुन्हा बोलला. या वेळी कुणी हसले नाही.

आम्रपालीने मागे वळून त्याच्याकडे पाहिले.

"देवाचं देव बघंल, आप्पासो. लेकरांना चालंल का, येवढं मी बघणार. हितनं मी हलत न्हाई."

बायकांतून बयाबाई उठली. बिराप्पांची बायको, प्रांजलची आजी. वर्षभरात ती चारचौघांत एक शब्द बोलली नव्हती.

"दोष चंद्रीचा म्हनता न्हवं? मग तिचंच बघा आधी."

तिने चंद्राबाईची चरवी स्वतः आणून ओट्यावर ठेवली. आम्रपालीने पट्टीवर थेंब सोडला. घातक जिवाणू असलेच, तर ते पट्टीवरच्या लेपाला चिकटतात, विजेचा सूक्ष्म प्रवाह बदलतो आणि काटा तांबड्या रेघेकडे सरकतो, हे तिने सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. घटका सरली. काटा जागचा हलला नाही. चंद्राबाईने पदराचे टोक तोंडात धरले.

दुसरी पट्टी हंड्यातल्या दुधाची. तिथे मात्र घटकाही पुरी झाली नाही. काटा सरकला आणि तांबडी रेघ ओलांडून थरथरत राहिला.

"खोटं हाय तुजं यंत्र!" बिराप्पांचा आवाज चिरकला. "या हंड्यात पयलं दूध माज्या घरचं असतंय. माज्या घरचं!"

"एक पट्टी राहिलीय, आबा. तुमच्या घरच्या दुधाला लावू?"

त्यांनी काठी आपटली. मग नैवेद्यासाठी राखलेला घरचा तांब्या तिच्यापुढे केला. तिसरी घटका फार हळू सरली. काटा हलला नाही.

"चंद्रीचं चांगलं. आमचं चांगलं," बिराप्पा पुटपुटले. "मग हंड्यात आलं कुठनं?"

बयाबाई हंड्याच्या काठावरून आत पाहत होती. जत्रा उठेपर्यंत हंडा रिता होऊ द्यायचा नाही, हाही शिरस्ताच. रोज तळाशी ओंजळभर दूध राखायचे आणि दुसऱ्या दिवशीचे त्यावरच ओतायचे. ही ओंजळ गेल्या वर्षी राखली होती ती तिनेच. यंदाही तिनेच.

तिने दोन्ही तळवे हंड्याला लावले आणि ढकलले. हंडा हलला नाही.

"बया, रिता झाला तर कोप हुतोय," बिराप्पा म्हणाले.

"कोप झालाय की. अजून काय ऱ्हायलंय व्हायचं?"

तिने पुन्हा जोर लावला. सारा मंडप पुजाऱ्याकडे पाहत होता. बिराप्पांनी काठी खाली ठेवली, घोंगडी उतरवली, आणि आपले हात तिच्या हातांशेजारी टेकवले.

दूध ओट्यावरून मातीत गेले. तळाशी पिवळसर, आंबूस साका चिकटलेला होता. तो साऱ्यांनी पाहिला. मग आप्पासोच खाली मान घालून राख आणि उकळते पाणी घेऊन आला.

"देवाला कच्चं," हंडा लख्ख झाल्यावर बयाबाई म्हणाली, "आन् लेकरांना तापवून."

"चंद्रे," बिराप्पांनी टोकाकडे हाक दिली, "म्होरं ये, तुजी चरवी उचल. पयलं तुजं पडू दे."

चूल पेटली. बयाबाईने भंडाऱ्याची चिमूट उचलली, आम्रपालीच्या कपाळाकडे नेली आणि मध्येच थांबली. सोपानचे घर बौद्ध, भंडारा लावीत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने ती चिमूट पेटीवर वाहिली. आम्रपालीने हात जोडले, आणि पेटी पुसली नाही.

दुपारी लेकरांची रांग बसली. ज्या हातांनी हंडा कलता केला, त्यांना बळ असो. रांगेत बसलेल्यांना दीर्घ आयुष्य असो. आणि रांगेत जिची जागा रिकामी राहिली, तिला शांती असो.