तेच पुन्हा सांग

मुलीचं नाव मी सांगणार नाही. कायद्याने बंदी आहेच, पण बोळिंजच्या त्या सोसायटीने ते नाव व्हॉट्सॲपवर इतकं फिरवलंय की त्यात आणखी माझं तोंड नको. ती तिसरीत आहे एवढं पुरे.

माझं नाव कॅरल. मी वसईतल्या उमेळ्याची. अशी केस झाली की बालकल्याण समिती मुलासोबत एक माणूस नेमते. पोलिसांत, दवाखान्यात, कोर्टात त्या माणसाने मुलाबरोबर राहायचं. ते माझं काम. लोकांना वाटतं या कामाला मायाळू बाई लागते. मायाळू बायका पहिल्या महिन्यात रडून घरी जातात. मी भांडखोर आहे म्हणून टिकले.

त्या सकाळी पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत मी भांडतच होते. टेबलाभोवती आम्ही चौघं. तपास करणाऱ्या उपनिरीक्षक सुरुची धुमाळ, मुलीला तपासणाऱ्या डॉक्टर विनिता, समुपदेशक जितेश आणि मी. चहा गार होऊन त्यावर साय धरली होती, कुणी हात लावत नव्हतं.

"मुलगी खोटं बोलतेय किंवा आई पढवतेय," सुरुची म्हणाली. "मला काय सांगितलं? क्लबहाऊसच्या कॅरमच्या खोलीचं दार बंद होतं. डॉक्टरांना काय? दार उघडं होतं. आणि या साहेबांना काय? काही झालंच नाही! आता मी कोर्टात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"तुम्ही तिला आधीच घाबरवली असेल," विनिता म्हणाल्या. "मला लिहावं लागतं म्हणून मी विचारलं. हौस नाही मला."

"मी साध्या साडीत बसून जबाब घेतलाय मॅडम, चॉकलेट देऊन. घाबरवायला मी काय वाघ आहे?"

जितेश घसा खाकरून म्हणाला, "मुलीने आरोप मागे घेतला, असा माझा अहवाल आहे. तो मी समितीला पाठवलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाठवलाय? आम्हाला न विचारता?"

"माझा अहवाल आहे. तुम्हाला का विचारू?"

ज्याच्यावर आरोप होता, त्या माणसाला सोसायटीत सगळे 'दिनानाथ सर' म्हणतात. निवृत्त, टापटीप, मुलांना फुकट कॅरम शिकवणारा. मुलीने आधी शाळेत बाईंना सांगितलं. बाईंनी खात्री करायला परत विचारलं, मुख्याध्यापकांनी आणखी एकदा विचारलं, मग पोलिसांना कळवलं. आता दिनानाथ आत होता आणि त्याचा जामीन सुनावणीला येणार होता. त्याचा फ्लॅट मुलीच्याच विंगमध्ये, दोन मजले वर. जामीन मिळाला की तो परत त्याच लिफ्टमधून चढणार-उतरणार. दुसऱ्या दिवशी सकाळी वसईच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर मुलीचा जबाब होता. तिथेही ती 'काही झालं नाही' म्हणाली असती, तर सगळा खेळ खल्लास.

त्या बैठकीत आम्ही एकच गोष्ट मनापासून केली. एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडलं आणि उठलो.

दुपारी मी स्कूटर काढून बोळिंजला गेले. गेटवर वॉचमनने मला उगाच ताटकळत ठेवलं. लॉबीत एक बाई आडवी आली. हातात भाजीची पिशवी, तोंडावर सोसायटीचा सगळा राग.

"तुम्हीच ना त्या संस्थेच्या? किती आग लावणार अजून? सरांसारखा देवमाणूस. आमच्या पोरांना शिकवलंय त्यांनी. आम्ही सगळ्यांनी सह्या दिल्यात त्यांच्या बाजूने."

"बरं केलंत. कोण कोण आलं होतं खोलीत, तेव्हा बघायला?"

"काय?"

"सह्या दिल्यात म्हणजे पाहिलं असेल ना. मी पोलिसांना तुमचं नाव देते साक्षीदार म्हणून."

बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जिन्याने गेली. लिफ्ट समोर उभी होती तरी. तेवढंच बरं वाटलं मला.

घरात मुलगी जमिनीवर वही पसरून अभ्यास करत होती. मी तिला त्या गोष्टीबद्दल कधीच काही विचारलेलं नव्हतं, म्हणून ती मला बघून पळत नाही. मी तिच्या बाजूला बसले. तिच्या आईने स्वयंपाकघरात मिक्सर लावला होता. मिक्सर थांबवून ती आतूनच प्रश्न विचारायची, परत मिक्सर लावायची.

"आपली वसई कुठल्या जिल्ह्यात?"

"पालघर," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात मिक्सर घरघरला. आईला ऐकूच गेलं नाही. तिने तो बंद केला. "हं? काय म्हणालीस?"

मुलीने पेन्सिल तोंडात घातली. वर छताकडे बघितलं. आणि म्हणाली, "ठाणे."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या समोरच पुस्तकावर मोठ्या अक्षरात 'पालघर जिल्हा' छापलेलं होतं.

"तू आधी पालघर म्हणालीस," मी म्हटलं. "मी ऐकलं."

"हो. पण आईने परत विचारलं ना."

"मग?"

तिने माझ्याकडे, मोठ्यांना काहीच कळत नाही तशा नजरेने पाहिलं. "परत विचारलं म्हणजे चुकलेलं असतं. शाळेत बाई पण तसंच करतात. चूक आहे असं नाही म्हणत. परत विचारतात. मग आपण दुसरं सांगायचं. तरी परत विचारलं तर तिसरं."

शाळेत बाईंनी परत विचारलं. मग मुख्याध्यापक, मग सुरुची, मग विनिता, मग जितेश. प्रत्येकाचा आवाज गोड, प्रत्येकाच्या हातात चॉकलेट, आणि प्रत्येकाचं एकच: घाबरू नकोस बाळा, फक्त एकदा सांग. पोर बिचारी शहाणी, अभ्यासू. दार बंद चुकलं वाटतं, म्हणून दार उघडं. तेही चुकलं, म्हणून काही झालंच नाही. ते म्हटल्यावर मात्र कुणी परत विचारलं नाही. म्हणजे ते बरोबर असणार.

आई पदराला हात पुसत दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "ताई, मग सांगा ना तिला. पहिलं होतं तेच खरं म्हणून सांगा. उद्या तेच सांग म्हणावं."

"नाही," मी म्हटलं. "मी सांगणार नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही. रात्रभर तोंड शिवून बसा."

"अहो, माझी पोर आहे ती!"

"म्हणूनच. पुढे खटल्यात त्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, तुला काय बोलायचं ते कुणी सांगितलं? आणि ती खरं सांगेल. आईने आणि कॅरल ताईने."

त्या माउलीने माझ्याकडे अशा रागाने बघितलं की मला खाली बघावं लागलं.

जिन्यात उभं राहूनच मी तिघांना एकत्र फोन लावला. पालघर-ठाण्याची गोष्ट सांगितली. मग विनिता सावकाश म्हणाल्या, "गेल्या वर्षीच्या ट्रेनिंगला हे सांगितलं होतं."

सांगितलं होतंच. पालघरला, एसी हॉलमध्ये. आम्ही चौघंही होतो. मुलाशी बोलायच्या आधी त्याला सांगा, की मी तिथे नव्हते, मला माहीत नाही, आणि मी परत विचारलं तर तुझं चुकलं असं नाही. आम्ही माना डोलावल्या, जेवलो, प्रमाणपत्रं घेऊन आलो.

"मला वाटलं पोलिसांनी आधीच सांगितलं असेल," विनिता म्हणाल्या.

"मला वाटलं शाळेत," सुरुची म्हणाली. "नाहीतर कॅरल मॅडमनी."

"मी विचारतच नाही, तर सांगू कशाला असं मला वाटलं," मी म्हटलं. "आणि जितेश, तुम्हाला?"

जितेश म्हणाला, "मी पाचवा होतो. सगळं सांगून झालं असेल असं धरलं."

"मग अहवाल मागे घ्या."

"तसा मागे घेता येत नाही. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"तिच्या लिफ्टचा प्रश्न आहे, जितेश!" माझा आवाज जिन्यात इतका घुमला की वरचं एक दार उघडलं आणि बंद झालं. "तुमच्या लिफ्टमध्ये कोण चढतो?"

त्याने फोन ठेवला. सुरुचीने त्याला एक सणसणीत शिवी दिली, डॉक्टरांसमोर. मग सुरुची म्हणाली की ती जबाबाच्या अर्जासोबत हे सगळं लिहून मॅजिस्ट्रेटना देईल. आपली चूकही लिहावी लागेल हे तिला ठाऊक होतं. त्याबद्दल मला तिचा पहिल्यांदाच आदर वाटला. तोंडावर बोलले मात्र नाही.

सकाळी कोर्टात आम्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे होतो. जितेश आला, बाकावर एकटाच बसला. त्याने आपल्या अहवालाला पुरवणी लिहून आणली होती, ती सुरुचीच्या हातात न बघता कोंबली. सोसायटीतली चार माणसंही आली होती, छान इस्त्रीचे शर्ट घालून. मुलगी जवळून गेली तेव्हा एकजण मुद्दाम मोठ्याने हसला. सुरुची त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, मग तो हसला नाही.

आत मॅजिस्ट्रेट बाई, मुलगी, तिची आई आणि मी. बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"हे बघ, मी तिथे नव्हते. मला काही माहीत नाही. तुला माहितीये. मी एखादी गोष्ट परत विचारली तर ती मला नीट कळली नाही, एवढंच. तुझं चुकलं असं मुळीच नाही. समजलं?"

मुलीने मान हलवली. पण अशी मान ती शाळेतल्या बाईंपुढेही हलवत असणार.

ती बोलायला लागली. मी जमिनीच्या फरशीकडे बघत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझी पापणी जरी हलली, तरी कुणी म्हणालं असतं की खूण केली. तिने दार बंद होतं असं सांगितलं. मॅजिस्ट्रेट बाईंनी लिहून घेतलं. थोड्या वेळाने त्यांनी मागचं पान बघितलं आणि विचारलं, "दाराचं काय म्हणालीस? उघडं होतं का?"

तिच्या आईने डोळे मिटून घेतले. मला मुलीचे सँडल दिसत होते. ते एकमेकांवर घासले जात होते. डावा उजव्यावर, उजवा डाव्यावर. मग थांबले.

"बंद," ती म्हणाली. "मघाशी पण बंदच म्हटलं होतं मी. तुम्ही नीट ऐकत नाही."

मॅजिस्ट्रेट बाईंनी पेन खाली ठेवलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "बंद."

बाहेर आलो तेव्हा तिघंही दाराशी होते. सुरुचीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. विनितांनी मुलीच्या हातात पाण्याची बाटली दिली. कुणी काही विचारलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मुलीने पाणी पिऊन तोंड पुसलं. "आता परत कोणाला सांगायचं?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायला तेव्हा फार सोपं होतं. "अजून एकदा," मी म्हटलं. "पुढे, दुसऱ्या कोर्टात. तिथे त्याचा वकील असेल. तो मुद्दाम परत परत विचारेल."

"चुकलं म्हणून?"

"नाही. तू बदलावंस म्हणून."

तिने विचार केला. कपाळाला आठी पडली, तिच्या आईसारखी. "मग त्याला आधीच सांगून ठेवा," ती म्हणाली, "मला राग येतो."

"सांगते," मी म्हटलं.