उंबऱ्यापाशी बसलेली फाइल

डोंगराळ मुलखातल्या नारीन गावच्या विद्यापीठात सर्व विभागांना मिळून जे सामाईक सर्व्हर होते, त्यांच्या नियमांच्या फाइली कोणत्या क्रमाने लावाव्यात, हे आयजारकिनला कोणी सांगितले नव्हते. लोकसाहित्य विभागाच्या या प्रमुखबाईंवर ते काम केवळ 'नीटनेटक्या आहात' म्हणून ढकलण्यात आले. तिने फाइली लावल्या त्या दस्तरखानाभोवती, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाभोवती, पाहुणे बसवावेत तशा: कुलगुरूंची पहिली, दारापासून सर्वांत दूर, मानाच्या जागी, मग विद्याशाखा, वजनाने उतरत्या, आणि अगदी शेवटी, उंबऱ्यापाशी, वसतिगृह. उपकुलगुरू शैलोबेक यांनी त्या क्रमावर सही केली आणि 'यंत्रात प्रथमच संस्कृती आली' असा शेराही मारला.

चूक तिच्या लक्षात आली ती शुक्रवारी दुपारी. यंत्र फाइली क्रमाने वाचते, आणि दोन नियमांत विरोध आला की नंतर वाचलेला खरा धरते. कुलगुरूंचा नियम होता, संग्रहाला हात लावू नये. वसतिगृहाचा होता, वर्षाहून जुने ते सारे पुसावे. पोरांचे सिनेमे साठतात म्हणून तो लिहिलेला. पण 'आमच्या जागेपुरते' एवढे जोडण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. नव्या क्रमाने पहिली साफसफाई त्याच संध्याकाळी, कचेरी सुटल्यावर होती.

आणि त्याच सर्व्हरच्या डिस्कवर कोशोक होते: डोंगरातल्या बायकांनी मयताच्या घरी म्हटलेले विलाप, तिने स्वतः घोड्यावरून हिंडून ध्वनिमुद्रित केलेले. म्हणणाऱ्या बहुतेकींसाठी आता दुसऱ्यांनी विलाप म्हटले होते. दुसरी प्रत नव्हती. प्रतीसाठी डिस्क मागितली तेव्हा 'वारसा हृदयात जपावा' असे लेखी उत्तर आले होते.

"ओरोझबेक बाइके, क्रम उलटा करू या. आत्ताच्या आत्ता," सर्व्हरखोलीत शिरताच, थोरल्या भावाला मारावी तशी 'बाइके' अशी हाक मारत ती म्हणाली.

"सही झालीय, बये." ती खोली सांभाळणारे ओरोझबेक चहात बोरसोक, पिठाचे तळलेले गोळे, बुडवत म्हणाले. "माझ्या आधीच्यानं सहीशिवाय एक ओळ हलवली. आता तो वसतिगृहात दिवे बदलतो. पासवर्ड आहे तुझ्याकडे. नोकरीही तुझीच."

ती जिना चढली, मध्येच थांबली, पुन्हा चढली. शैलोबेक यांनी तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. न ऐकण्याची ही त्यांची प्रतिष्ठित पद्धत होती.

"म्हणजे कुलगुरूंना दारात बसवू? जोड्यांपाशी? शिकलेली बाई ना तू!"

"अगाय," गुरुजींना म्हणावे तशा अदबीने ती म्हणाली, "या यंत्रात दारातल्याचंच चालतं."

"मग यंत्राला शिकव. पीएचडी कशाला केलीस?"

तिने पुन्हा समजावले. त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. खिडकीबाहेर डोंगराची सावली नदीपर्यंत आली होती. सत्य सांगून या खोलीत आजवर कोणाचे काय साधले, हा प्रश्न तिने स्वतःला फार उशिरा विचारला, आणि उत्तर मिळताच तिचा आवाज थंड झाला.

"बरं. कुलगुरू आहेत तिथेच राहू देत. आमच्या विभागाची वेगळी फाइल करते. तिला वसतिगृहाच्याही खाली बसवा."

"खाली?" ते सावध झाले. "उद्या म्हणशील, अपमान झाला."

"नाही म्हणणार. लिहून देते."

"मग हरकत काय? चहा ओतायला दाराशी एक सून लागतेच की!" स्वतःच्या विनोदावर मनापासून हसत त्यांनी सही केली. "बघ, हट्ट सोडला की कसं सोपं होतं."

ती जिना उतरली नाही, जवळजवळ कोसळतच सर्व्हरखोलीत आली.

"खाली बसायची परवानगी मागणारी तू पहिलीच," ओरोझबेक सही न्याहाळत म्हणाले. "साहेबांना कळलंय का, त्यांनी काय दिलंय ते?"

"देणाऱ्याला कळायलाच हवं असा नियम नाही, बाइके."

तिने शेवटच्या क्रमांकाची फाइल उघडली आणि कुलगुरूंचेच वाक्य शब्दशः लिहिले: संग्रहाला हात लावू नये. साफसफाई सुरू झाली. पुसलेल्या नावांची रांग पडद्यावर सरसर वर सरकू लागली. सिनेमे, लग्नांची चित्रीकरणे, कोणाचे तरी अर्धवट प्रबंध.

"बस की."

"नको."

ती खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली. रांग थांबली. एकही विलाप तिच्यात नव्हता.

पण सहीचा कागद हा आमच्याकडे एकाच कामापुरता कधी राहत नाही. सभागृहातल्या खुर्च्या त्याच क्रमाने लागल्या, खोल्यांची वाटणी त्याच क्रमाने झाली, आणि थंडी पडल्यावर इमारतीतली ऊबही वरून खाली त्याच क्रमाने वाटली गेली. लोकसाहित्यापर्यंत ती पोचत नसे. विद्यार्थी टोप्या घालून बसत. आयजारकिन हातमोज्यांनी खडू धरी. शैलोबेक भेटले की चहाचा विनोद करीत, आणि ती लिहून दिल्याप्रमाणे काहीही म्हणत नसे.

मात्र रोज सकाळी, ओव्हरकोटही न काढता, ती आधी फाइलींची यादी उघडून पाही: आपल्याखाली कोणी येऊन बसले तर नाही? भूगर्भशास्त्राची एकदा वर सरकली होती. विधी विभाग वरच्या जागेसाठी भांडत होता. खाली अजून कोणी नव्हते.