आरशांचा रुमाल आणि बिनतारी पेट्या

मी एक जुना रुमाल आहे. मित्रांनो, रुमाल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर खिशातली घडी आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. माझ्यावर एखादे तान्हे लेकरू सहज निजेल, एवढा मी मोठा आहे. माझे कापड लाल. त्यावर पिवळ्या-हिरव्या दोऱ्यांचे टाके, काठाला कवड्या आणि अंगभर गोल गोल आरसे. काही आरसे आता धुरकटले आहेत. दोन कवड्या गळाल्या आहेत. तरीही ऊन आत आले की मी अजून भिंतभर ठिपके नाचवतो.

माझा जन्म डोंगरकडा गावाजवळच्या एका बंजारा तांड्यावर झाला. तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, आमचा जिल्हा परभणीच होता. तांड्यावरच्या रूपाबाईने मला घडवले. तिने आपल्या लग्नातल्या फेटियाचे, म्हणजे घेरदार घागऱ्याचे, कापड कापून मला काढले आणि सुई हातात घेतली. आरसा कापडावर कसा बसवतात, ठाऊक आहे का तुम्हांला? आरशाला भोक नसते, म्हणून सुई त्याच्यातून जात नाही. त्याच्याभोवती दोऱ्याचे कुंपण घालावे लागते. कुंपण सैल पडले तर आरसा निसटतो, फार आवळले तर कापड चुरमडते. रूपाबाई एकेका आरशाला असे कुंपण घालत होती आणि प्रत्येक टाक्यानंतर अंगठ्याने चाचपून पाहत होती. माझ्या अंगात दोऱ्याशिवाय दुसरे बळ नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझी सगळी जळजळ इथूनच सुरू झाली.

मला घडवण्याचे कारण होते टीव्ही. रूपाबाईचा मुलगा प्रेमदास याने वसमतहून पेटीसारखा एक टीव्ही आणला. एसटीत तो वाटभर टीव्ही मांडीवर घेऊन बसला होता. तांड्यावरचा तो पहिलाच टीव्ही. रूपाबाई म्हणाली, "उघडा ठेवला तर धूळ बसंल, आन् नजरबी लागंल." तिच्या घरी मोलाची कुठलीच वस्तू उघडी राहत नसे. म्हणून मी टीव्हीच्या डोक्यावर चढलो. संध्याकाळी माणसे जमली की रूपाबाई दोन्ही हातांनी मला उचलायची, घडी करून मांडीवर ठेवायची आणि कार्यक्रम संपला की पुन्हा पांघरायची.

ते माझे वैभवाचे दिवस होते. गावातली चतुराबाई एकदा टीव्ही बघायला आली आणि माझ्याकडेच बघत बसली.

"रूपाबाई, हे कुणी शिवलं म्हणावं?"

"शिवलं न्हाई, भरलं," रूपाबाई म्हणाली. "शिवतं ते मशीन."

"मग मलाबी एक भरून दे की."

"तुझ्याकडं टीव्ही हाय का?"

"न्हाई. पर रुमाल असला की टीव्ही यील मागून."

सगळ्या बायका हसल्या. मला मात्र चतुराबाईचे म्हणणे अगदी बरोबर वाटले. त्या काळी टीव्हीच माझा हेवा करत असावा.

पुढे वर्षे गेली. हळदीला चांगला भाव आला, प्रेमदासने स्लॅबचे घर बांधले आणि त्या घराच्या भिंतीवर एक पातळ टीव्ही येऊन बसला. बसला कसला, टांगला गेला. त्याला डोकेच नव्हते. मी बसणार कुठे? प्रेमदासची बायको निता म्हणाली, "याडी, यावर रुमाल टाकता येत न्हाई. खाली घसरतो, चित्र झाकतं." याडी म्हणजे आई. घरात सगळेच रूपाबाईला याडी म्हणत. याडीने मला एकदा वर धरून पाहिले, मी घसरलो, आणि माझी रवानगी पिठाच्या डब्यावर झाली. तिथून मला तो टीव्ही समोरच दिसे. चकचकीत, उघडा, निर्लज्ज. माझ्यावर पीठ साचत होते आणि मी जळत होतो.

त्या टीव्हीत एक खोट होती. त्याचा आवाज पाठीमागून निघे आणि भिंतीवरच आपटे. याडीचे कान म्हातारपणामुळे मंद झाले होते. तिची बाज खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली. आवाज वाढवला की नात पूजाचा अभ्यास मोडे, कमी केला की याडीला फक्त ओठ हललेले दिसत. मग ती "मला न्हाई बघायचं" म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागली. प्रेमदासला ते बघवेना. त्याने वसमतच्या उत्तमसिंग मिस्त्रीला बोलावले.

उत्तमसिंगने पिशवीतून दोन काळ्या पेट्या काढल्या आणि एक चपटी डबी. डबीची आखूड वायर, लाल-पांढऱ्या टोकांची, त्याने टीव्हीच्या पाठीमागे खोचली. डबी टीव्हीखालच्या फळीवर ठेवली, तोंड खोलीकडे करून. एक पेटी कपाटावर मांडली, दुसरी याडीच्या बाजेजवळच्या स्टुलावर.

"आन् टीव्हीपासून पेटीपर्यंतची वायर?" निताने विचारले.

"न्हाईच लागत. बिनतारी हाय, वैनी. तुमच्या रंगाला खिळाबी लागणार न्हाई. पेटीला विजेची वायर तेवढी लागंल."

बिनतारी! मी पिठाच्या डब्यावर ऐकत होतो. माझा तर जन्म दोऱ्याचा, माझे अवघे आयुष्य टाक्याला टाका धरून चाललेले, आणि ही पेटी म्हणे कशालाच धरून नाही.

उत्तमसिंग पुढे सांगू लागला, "ही डबी उजेड फेकती. आपल्याला दिसत न्हाई, असा उजेड. रिमोटचा असतो ना, तसाच. पेटीच्या तोंडावर ही काळी काच हाय, तिच्यावर तो उजेड पडला की पेटी बोलती. म्हणून पेटीवर काही झाकू नका, मधी काही आडवं ठेवू नका."

निताने मान हलवली. पूजाने हलवली. बाजेवरून याडीने विचारले, "काय म्हणतो रे?"

"काही न्हाई याडी," प्रेमदास मोठ्याने म्हणाला. "आता तुला ऐकू यील."

आणि आले. बातम्या सांगणारी बाई जणू बाजेवरच येऊन बसली. याडी हसली. तिने त्या काळ्या पेटीच्या डोक्यावर हात फिरवला, जसा ती पूर्वी माझ्यावरून फिरवायची. मित्रांनो, मला कुणी चुलीत टाकले असते तरी इतका जळलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी याडीने पेटी पदराने पुसली. मग ती माझ्याकडे आली. तिने मला अंगणात नेऊन झटकले आणि त्या पेटीवर पांघरले, वरपासून खालपर्यंत. टीव्ही बघायचा असतो, म्हणून त्याच्यावरून मला उचलावे लागे. पेटीत बघायचे काय? आवाज तर कापडातून येतोच. तिचा हिशेब तिच्या परीने सरळ होता. घरच्यांनाही वाटले, याडीने आपली पेटी सजवली; उत्तमसिंगचे "झाकू नका" कुणालाच आठवले नाही. मला माझे सिंहासन परत मिळाले.

संध्याकाळी टीव्ही लागला. कपाटावरची पेटी बोलू लागली. माझ्याखालची गप्प राहिली.

"याडी, येतो ना आवाज?" प्रेमदासने विचारले.

"येतो. लांबून कुठून तरी."

त्याने आवाज वाढवला. कपाटावरची पेटी घरभर घुमू लागली. पूजाने कानांवर हात ठेवले.

"आता?"

याडीने मान हलवली. न्हाई.

प्रेमदास आणि निता एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्या हळू बोलण्यातला एकही शब्द याडीला ऐकू गेला नसेल, पण चेहरे तिला वाचता येत होते. ती म्हणाली, "पेटीला दोष देऊ नका. पेटी चांगली हाय. काल बोलत होती. माझेच कान गेले."

तेव्हापासून ती ओट्यावरून आत येईना. जेवणाचे ताटही तिकडेच मागवी. हिला ऐकू येत नाही, म्हणून घरचे तिच्याशी खुणांनी बोलू लागले. खुणांनी बोलतात म्हणजे आपण खरोखरच बहिरे झालो, असे तिला वाटू लागले. पूजा शाळेतून आली की पूर्वी दिवसभराचे सगळे तिला सांगायची. आता लांबूनच हात हलवी आणि आत जाई.

मी पेटीवर होतो. पेटीचा आवाज बंद होता. माझ्या मनासारखे झाले होते. तरी मला गोड लागेना. मला घडवणारीच माझ्याकडे बघायला येत नव्हती.

एका संध्याकाळी प्रेमदासने उत्तमसिंगला पुन्हा बोलावले, याडीजवळची पेटी परत न्यायला. टीव्ही चालू होता. याडी ओट्यावरून उठून आत आली.

"पेटी न्या," ती म्हणाली. "रुमाल माझा हाय, तो राहू द्या." आणि तिने दोन्ही हातांनी मला उचलले, अगदी पूर्वीसारखे.

तिच्या हातांखाली पेटी बोलू लागली. हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या. मराठवाड्यात येते काही दिवस हवामान कोरडे राहील, असे कुणीतरी सांगत होते.

याडी मला घडी घालत म्हणाली, "कोरडं राहतं म्हणतो. बरं झालं. शिजवलेली हळद वाळंल तरी."

सगळे तिच्याकडे बघू लागले. घडी अर्धी राहिली आणि याडीने वर पाहिले. आपण काय बोललो, ते तिच्याही आता लक्षात आले होते.

उत्तमसिंगने तिच्या हातातून मला घेतले आणि पेटीवर टाकले. पेटी गप्प. उचलले, पेटी बोलली. पुन्हा टाकले, पुन्हा गप्प.

"म्हंजे माझे कान न्हाई गेले," याडी म्हणाली.

"न्हाई मावशी. झाकू नका म्हणून मी सांगून गेलो होतो."

"कुणाला?"

उत्तमसिंगने प्रेमदासकडे पाहिले. याडीनेही पाहिले. "मी इचारलं होतं, काय म्हणतो म्हणून," ती म्हणाली. "तू म्हणला, काही न्हाई."

 प्रेमदासने तिला बाजेवर बसवले, तो शेजारी बसला आणि तिच्या कानाजवळ तोंड नेऊन त्याने सगळे सांगितले. डबी, न दिसणारा उजेड, काळी काच, काहीही न गाळता. याडीने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मग एवढं सांगायला तुला काय तकलीफ होती?"

मला वाटले, आता पुन्हा पिठाचा डबा. पण निता म्हणाली, "याडी, हा बाजूच्या भिंतीला लावू. रंगाला खिळा लागला तर लागला." आणि मी टीव्ही आणि बाज यांच्या मधल्या बाजूच्या भिंतीवर चढलो.

मित्रांनो, खरी गंमत पुढे आहे. पूजा सहज डबी आणि पेटी यांच्या मधोमध उभी राहिली. पेटी थांबायला हवी होती. ती बोलतच राहिली. उत्तमसिंगने डोके खाजवले, पूजाला तिथेच उभे ठेवले आणि भिंतीवरच माझी घडी घातली. पेटी खरखरू लागली. घडी उलगडली, आवाज पुन्हा स्वच्छ झाला.

"आरसे," तो म्हणाला. "न दिसणारा असला तरी उजेडच हाय ना तो. आरशावर पडला की उडणारच. हा रुमाल तो पेटीकडं उडवून राहिला."

ज्या पेटीला दोरा नको होता, तिला शेवटी माझ्यातल्या दोऱ्यांनी धरलेले आरसे कामी आले. याडी आता रोज संध्याकाळी पदराच्या टोकाने माझा एकेक आरसा पुसते. त्यानंतर ती पेटीच्या डोक्यावर हात ठेवते, तेव्हा मी अजूनही थोडा जळतो. पण पूर्वीइतका नाही, कारण माझा नंबर आधी लागतो.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. जुन्या वस्तू झटकून, पुसून ठेवा, त्यांचे काम संपले असे लगेच ठरवू नका. आणि घरात नवी वस्तू आली की ती कशी वापरायची, हे ज्याच्यासाठी आणली त्याला सगळ्यांत आधी सांगा. बाजेवरून कुणी "काय म्हणतो रे?" असे विचारले, तर जवळ जा, खाली वाका आणि पूर्ण सांगा. "काही नाही" एवढेच म्हणून पुढे जाऊ नका.