अंगठ्याने पारखलेला पाना

रविवार, १२ जानेवारी २०२५. सकाळी दाट धुकं. दहा वाजून गेले तरी ऊन आलं नव्हतं. वारा नव्हता, पण लोखंडाला हात लावला की हात मागे घ्यावासा वाटेल इतकी थंडी होती.

मी एक रिंग पाना बोलतोय. माझ्या एका टोकाला बाराचं, म्हणजे बारा मिलिमीटरच्या बोल्टचं कडं आहे, दुसऱ्या टोकाला तेराचं, आणि मधे वीतभर दांडा. त्या रविवारी भोपाळच्या जुन्या शहरात, रस्त्याच्या कडेला अंथरलेल्या ताडपत्रीवर मी पडून होतो. शेजारी प्लास, हातोड्या, पेचकस आणि माझ्यासारखेच कितीतरी पाने होते.

लोखंडाला दुखत नाही. तेव्हा पुढचं ऐकताना माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. जसं घडलं तसं सांगतो.

माझा जन्म पंजाबातला. तापून लाल झालेली सळई साच्यात ठेवली, वरून घण पडला आणि मी झालो. मग मला पाण्यात बुडवलं, घासलं, चमकवलं आणि इतर पान्यांबरोबर खोक्यात भरलं. भोपाळला आलो तेव्हा माझ्या दोन्ही कड्यांच्या आतल्या बारीक खाचा इतक्या धारदार होत्या, की बोल्टचं डोकं आत शिरलं की हलायचं नाही.

माझा पहिला मालक रायसेन रोडवर ट्रक दुरुस्त करायचा. माणूस कामाचा होता, पण उतावळा. बोल्ट सुटला नाही की माझ्या दांड्यावर लांब पाइप चढवायचा आणि त्याला लोंबकळायचा. बोल्ट सुटायचा. दर खेपेला माझं बाराचं कडं मात्र केसभर फाकायचं. खाचा गुळगुळीत झाल्या तसा त्याने मला हातोडी म्हणून वापरायला घेतलं. त्यानंतर मी रंगाचा डबा ढवळायला होतो. शेवटी त्याचं दुकान उठलं आणि मी भंगाराच्या पोत्यातून अनीस मियाँकडे आलो.

अनीस मियाँ जुन्या हत्यारांचा विक्रेता. आलेला माल तो डिझेलमध्ये धुतो, तारेच्या ब्रशने घासतो आणि वरून काळं तेल चोळतो. तेल लावलं की सगळे पाने सारखेच दिसतात. चांगला कोणता आणि झिजलेला कोणता, हे नुसतं बघून सांगता येत नाही. कड्यात बोट घालावं लागतं.

हे बोट घालण्यात नीळकंठरावांचा हात धरणारा त्या बाजारात कोणी नव्हता.

नीळकंठराव नागपूरचे. तरुणपणी इथल्या मोठ्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, नोकरीभर बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि निवृत्त झाल्यावर आनंद नगरात घर बांधलं. ते अनेक वर्षं रविवारी या बाजारात यायचे. त्यांची रीत ठरलेली होती. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचंच नाही, कारण गिऱ्हाइकाची नजर खिळली की विकणारा भाव चढवतो. म्हणून पाना हातात घ्यायचा, तो गुडघ्याजवळ खाली धरायचा, आणि डोळे एखाद्या गंजक्या प्लासवर लावून त्या प्लासच्या भावावरून वाद घालायचा. तोवर खाली अंगठा कड्यातून फिरून यायचा. पाना उत्तम असला तर वाद संपता संपता, जाता जाता आठवल्यासारखं विचारायचं, "और ये यूँ ही डाल दोगे?"

अनीस मियाँला ही चाल कळायला फार वेळ लागला. कळल्यावर तो त्यांच्या डोळ्यांकडे न बघता अंगठ्याकडे बघू लागला. तेव्हा नीळकंठरावांनी वाईट पान्यातही अंगठा रेंगाळवायला सुरुवात केली. मियाँ दर रविवारी हरायचा, दर रविवारी कुरकुरायचा, आणि एखाद्या रविवारी नीळकंठराव आले नाहीत तर पुढच्या खेपेला खास भोपाळी ढंगात विचारायचा, "को खाँ, कहाँ गायब थे?"

त्या धुक्याच्या सकाळी नीळकंठरावांनी मला उचललं. डोळे प्लासवर होते. उजवा अंगठा माझ्या बाराच्या कड्यात शिरला.

जाणता माणूस अंगठा हलका ठेवतो, कारण दाबला की खाचांची धार लागत नाही. यांनी जोर लावून दाबला. एक फेरा झाला, मग दुसरा. माझ्यात लागण्यासारखं काही उरलंच नव्हतं, हे अर्ध्या फेऱ्यात कळायला हवं होतं. अंगठा काचेवरून फिरावा तसा फिरला आणि नीळकंठरावांनी मला घ्यायच्या पान्यांत ठेवलं.

अनीस मियाँने ते पाहिलं. नीळकंठरावांनी सांगितलेल्या भावाला त्याने मान डोलावली, आणि त्या दिवशी तो कुरकुरला नाही.

घरी आल्यावर त्यांनी आम्हाला ओट्यावर, फडक्यावर एका रांगेत मांडलं. त्यांच्या पत्नी मालतीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लेकीचं रुखवत वाटतं हे? करंज्यांचा डोंगर तेवढा राहिला."

एका अर्थी ते खरं होतं. त्यांची मुलगी शमिका स्कूटर-मोटरसायकली दुरुस्त करण्याचं दुकान काढत होती. आधी ती एका सर्व्हिस सेंटरमध्ये होती. तिथे तिला गाड्या खोलायच्या असायच्या आणि तिथले लोक तिला गिऱ्हाइकांशी गोड बोलायला काउंटरवर बसवायचे. शेवटी तिने नोकरी सोडली आणि आनंद नगरातच एक गाळा भाड्याने घेतला. साठवलेलं सगळं अनामत रकमेत गेलं. नवी हत्यारं घेण्याची ऐपत उरली नव्हती. तेव्हा नीळकंठराव म्हणाले होते, "सेट मी जमवतो. बाजारातला सगळ्यात चांगला. तू त्यात पडू नकोस." निवृत्तीनंतर इतक्या हुरुपाने ते पहिल्यांदाच काही बोलले होते, असं मालतीबाई पुढे सांगत.

दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक शेजारचे अशोककाका. त्यांच्या जुन्या स्कूटरचा मागचा ब्रेक लागत नव्हता. शमिकाने मला घेतलं, बोल्टवर बसवलं आणि ओढलं. मी निसटलो. तिची बोटं पत्र्यावर आपटून सोलली. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा बोल्टच्या डोक्याचे कोपरे गेले.

"शमिका, अगं बोल्ट सोडवतेयस की पॉलिश करतेयस?" अशोककाका म्हणाले.

ती हसली. वळून तिने स्वतःचा अंगठा माझ्या कड्यात घातला. खाचा उरलेल्या नाहीत, हे तिला अर्ध्या फेऱ्यातच कळलं. नीळकंठराव दाराशी स्टुलावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही बाबा, मी पाना तिरका बसवला."

मग नीळकंठराव उठून आले आणि पाना कसा सरळ बसवावा, मनगट कसं ठेवावं, हे त्यांनी तिला अशोककाकांसमोर सविस्तर समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. ते परत पेपरकडे गेल्यावर तिने मला बाकाखालच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि शेजारच्या पंक्चरवाल्याकडून बाराचा पाना मागून आणला.

पुढच्या रविवारी ते आणखी पाने घेऊन आले. त्यातले बरेच माझ्या डब्यात आले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच झालं. आम्ही एकमेकांवर पडून होतो. प्रत्येक जण दिसायला चांगला होता.

मग एका दुपारी मालतीबाई जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या. नीळकंठराव घरी झोपले होते. मालतीबाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, की काल चहा उकळता होता, स्टीलचा पेला त्यांनी स्वतः पदराने धरून दिला, आणि हे तो तसाच उजव्या हातात धरून बसले. आज अंगठ्याला टपोरा फोड आहे.

"विचारलं तर म्हणतात थंडीने बधिर झालाय. थंडी काय एकट्या त्यांच्याच अंगठ्यावर पडलीय?"

"डॉक्टरकडे?"

"नाव काढलं की उठून बाहेर जातात."

शमिकाने बाकाखालचा डबा पायाने ओढून आम्हाला आईपुढे केलं. मालतीबाईंना पान्यांतलं काही कळत नव्हतं, पण डब्यात किती आहेत ते त्यांना दिसलं. त्या स्टुलावर बसल्या.

दोघींचं बोलणं बराच वेळ चाललं. सांगितलं, तर बाजारातला सगळ्यात जाणता हात म्हणून ज्यांची ओळख होती, त्यांच्यापाशी काहीच उरणार नव्हतं. न सांगितलं, तर दुकान बसणार होतं; गोल झालेले बोल्ट घेऊन लोक किती दिवस हसून घरी जातील? आणि सांगितल्याशिवाय डॉक्टर नाही. शेवटी शमिकाने ठरवलं, की पुढच्या रविवारी आपण बरोबर जायचं, मियाँला गुपचूप गाठायचं, आणि त्यालाच म्हणायचं की बाबांना वाईट माल दाखवू नका.

२ फेब्रुवारीला आकाश स्वच्छ होतं आणि गार वारा होता. मी शमिकाच्या जॅकेटच्या खिशात होतो, नमुना म्हणून. माझ्या सोबतीला बाराचा एक नवा बोल्ट होता.

गुपचूप बोलायला सवड मिळाली नाही. ताडपत्रीपुढे गर्दी होती, मियाँ दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. निदान मला तरी परत द्यावं म्हणून तिने मला खिशातून काढून हळूच ढिगाच्या कडेला ठेवलं आणि ती मियाँच्या बाजूला सरकली. तेवढ्यात नीळकंठराव उकिडवे बसले. डोळे एका हातोडीवर लागले, हातोडीच्या दांड्यावरून वाद सुरू झाला, आणि त्यांचा उजवा हात चाचपत आला तो माझ्यावर.

अंगठा शिरला. फोड फुटून त्यावर खपली धरली होती. एक फेरा, दोन फेरे. मग त्यांनी मला घ्यायच्या पान्यांत ठेवलं.

शमिकाने ते पाहिलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मियाँनेही पाहिलं. त्याने समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि वाकून, फक्त आम्हाला ऐकू जाईल असं म्हटलं, "उस्ताद, ये मत लो."

"क्यों?"

"ये तुम ले जा चुके हो. जिस दिन कोहरा था, उसी दिन."

नीळकंठराव हातोडीकडेच बघत होते. "तो वापस कैसे आया?"

मियाँने शमिकाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"पहले वाले भी ख़राब थे," मियाँ म्हणाला. "मैंने बेच दिए. सोचा, चलो, एक बार तो जीते. पर अपन को ऐसे नहीं जीतना, खाँ."

तेव्हा नीळकंठरावांनी मला उचललं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि पुन्हा पाहिलं. तेलाने मी चकाकत होतो. मग त्यांनी मला डाव्या हाताने धरून डावा अंगठा कड्यात घातला. तो अंगठा हुशार होता, अगदी बारीक खरवड लागली तरी थबकत होता. पण त्याने आयुष्यात कधी पाना पारखला नव्हता. त्याला सगळं लागत होतं आणि त्यातलं काय चांगलं, काय वाईट, हे सांगता येत नव्हतं. तो बराच वेळ आत फिरत राहिला. मागे उभे असलेले लोक ताटकळले.

"मला कळत नाही गं, शमे," नीळकंठराव म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी बसली. "कधीपासून, बाबा?"

"दिवाळीच्या आधीपासून."

शमिकाने खिशातून बोल्ट काढला आणि सगळ्यांदेखत एकेक पाना त्यावर बसवून बघायला लागली. बोल्ट घेऊन बाजारात यायचं म्हणजे आपल्याला काय हवंय ते ओरडून सांगायचं, असं नीळकंठराव नेहमी म्हणत. झालंही तसंच. तिला कोणते पाने पसंत पडले ते मियाँला समोर दिसलं, आणि त्याने धंदेवाल्यासारखा पूर्ण भाव सांगितला. तिने तो दिला. नीळकंठरावांनी पिशवीचं तोंड धरलं होतं, ती एकेक पाना आत सोडत होती. मला कोणी पिशवीत टाकलं नाही. मी त्यांच्या डाव्या हातात होतो, तो हात कोटाच्या खिशात गेला.

स्कूटरवर बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "भाव जास्त दिलास."

"हो, बाबा."

मी आता दुकानात, स्टुलाशेजारच्या खिडकीत असतो. माझं बाराचं कडं कोणत्याच बोल्टला चालत नाही. शमिकाने एकदा मला भंगारात द्यायला उचललं होतं, तेव्हा नीळकंठरावांनी ते राहू दे म्हटलं. रोज सकाळी ते पेपर उघडण्याआधी मला मांडीवर घेतात आणि उजवा अंगठा आत घालून फिरवतात. मग मला खाली ठेवतात. मग पेपर वाचतात. गिऱ्हाइकं आली की शमिका बोल्ट खोलते, आणि गिऱ्हाइकं मला बघून विचारतात की हा पाना इथे कशाला. नीळकंठराव पेपरचं पान उलटतात.

तुमच्यापैकी कोणी जुनी हत्यारं घ्यायला गेलात, तर माझं एक ऐका. आम्हाला हातात घ्या आणि सगळ्यांदेखत बोल्टवर बसवून बघा. आम्ही तेलाखाली काहीही लपवू शकतो; आमच्याकडून खरं कधीच कळणार नाही. कळलं नाही तर शेजारच्याला विचारा. भाव थोडा चढेल.

आज रविवार, २७ एप्रिल. सकाळपासून कोरडं ऊन, दुपारी लूचा गरम वारा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नीळकंठरावांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. नस दबली होती आणि साखरही निघाली. टाके काढून दोन महिने होत आले. तर्जनीला आणि मधल्या बोटाला आता कळतं. अंगठ्याला कळत नाही.