शंभरातला एक्केचाळिसावा

सुईताईचा राग सगळ्या हॉस्पिटलाला माहीत होता. रक्त काढायला तिच्यासारखा हात नाही, सुई कधी टोचली तेही कळत नाही, असं पेशंट म्हणायचे. पण तिच्या टेबलावर कोणी बिनचिठ्ठीची नळी आणून ठेवली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "नंबर नाही म्हणजे हे रक्त कोणाचंच नाही," असं म्हणून ती नळी सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायची. एकदा एका नव्या डॉक्टरनं जमिनीवर पडलेली चिठ्ठी उचलली आणि "हीच असणार हो, लावून टाका" असं सुचवलं. भर रांगेसमोर तिनं त्याची अशी हजेरी घेतली की पुढे आठवडाभर तो मागच्या दारानं ये-जा करत होता. सुटलेली चिठ्ठी परत लावायची नाही, हा तिचा सव्वीस वर्षांचा नियम होता.

अशा बाईला छंद लागला तोही नंबराचाच. एक म्हातारा चित्रकार होता. तो दरवर्षी एक जुना सिनेमा निवडायचा आणि त्याचं अगदी नवं पोस्टर काढायचा. ते जाड कागदावर, एकेक रंग वेगळा चढवत, हातानं छापलं जायचं. प्रती फक्त शंभर. शंभर झाल्या की छपाईच्या जाळ्या धुऊन टाकायच्या, म्हणजे एकशे एकावी प्रत ब्रह्मदेवाला मागूनही मिळायची नाही. चित्राखाली चार बोटं पांढरी कड सोडलेली असे. तिच्यात डावीकडे पेन्सिलीनं प्रतीचा नंबर आणि उजवीकडे चित्रकाराची सही.

पहिल्या वर्षी तिला एक्केचाळीस नंबर मिळाला, तो निव्वळ योगायोगानं. पण ही पोस्टरं जमवणाऱ्यांचा एक रिवाज होता. ज्यानं पहिल्या पोस्टराचा जो नंबर घेतला, त्याचा पुढच्या प्रत्येक पोस्टराच्या त्याच नंबरावर हक्क. पोस्टरं विकणारा दुकानदार तो राखून ठेवायचा, दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. बारा पोस्टरं काढणार असं चित्रकारानं सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. अकरा वर्षांत अकरा एक्केचाळीस सुईताईच्या जेवणाच्या खोलीत ओळीनं लागले. पांढरी कड आणि नंबर दिसतील अशाच चौकटी तिनं करून घेतल्या होत्या, आणि शेवटी एक खिळा रिकामा ठेवला होता.

त्या भिंतीखाली दर रविवारी तिचा धाकटा भाऊ बायकोसह जेवायला बसायचा. एकट्या बहिणीला रविवारी तरी सोबत, हे त्यानं कधी चुकवलं नाही. आणि चेष्टाही चुकवली नाही. "ताई, एकच आकडा अकरा वेळा विकत घेणारी तू जगात एकटीच असशील," तो ताटात बघत म्हणायचा. "चित्र सगळ्यांचं सारखंच ना?" गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून ती त्याला आणखी वाढायची.

बारावं पोस्टर आलं त्या दिवशी तिनं अर्धी सुट्टी टाकली आणि दुकानात गेली. ते पोस्टर तिनं फोनवर पाहून ठेवलं होतं. थिएटरची बंद होत आलेली तिकीट खिडकी, आणि खालच्या फटीतून बाहेर आलेला एक हात, तिकीट पुढे करणारा. अख्खं चित्र निळं आणि फक्त तिकीट पिवळं.

दुकानदारानं तिला पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"एक्केचाळीस गेला," तो म्हणाला.

"गेला म्हणजे?"

"म्हणजे... दिला. ताई, तुम्ही सात घ्या ना. एक आकडी नंबर! लोक मागे लागलेत त्याच्या."

"मी सात मागितला का? अकरा वर्षं मी सात घेतला का? कोणाला दिलात माझा एक्केचाळीस?"

"ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा चष्मा पुसू लागला. चष्मा आधीच लख्ख होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणीतरी बडं गिऱ्हाईक आलं असणार, गाडीतून न उतरताच बोट दाखवलं असणार, आणि या माणसानं अकरा वर्षांच्या शब्दाला हरताळ फासला असणार. दुकानात उभ्या असलेल्या तीन गिऱ्हाइकांसमोर तिनं त्याला खोटारडा म्हटलं, मिंधा म्हटलं, आणि दारातून परत फिरून चोरही म्हटलं. तो मान खाली घालून उभा राहिला. त्या मुकेपणाची तिला आणखीनच चीड आली. माणसानं चोरी केली तर निदान भांडावं तरी.

घरी येऊन तिनं पोस्टर जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, दुकानाच्या नावासकट. आगीत तेल ओतायला माणसं तयारच असतात. कोणी लिहिलं, मला आधीपासून संशय होता. दोघांनी आपले राखीव नंबर सोडले. चार दिवसांत सातही विकला गेला आणि शंभरच्या शंभर प्रती संपल्या. रविवारी तिनं भावाला सगळी कहाणी सांगितली तेव्हा तिचा आवाज चिरकत होता. भाऊ बायकोकडे बघून गालातल्या गालात हसला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तुझा रक्तदाब कोण मोजतं गं हॉस्पिटलात?"

ती पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातचं गेलं, आणि सख्ख्या भावाला त्याचं हसू येतं, याचं तिला रडू आलं. मग रडू आल्याचाही राग आला.

पुढच्या शनिवारी तिला पन्नास वर्षं पूर्ण झाली. भावानं आग्रहानं घरी बोलावलं. दोन-चार शेजारी, तिच्या हॉस्पिटलातल्या दोघीजणी, सगळे आधीच येऊन बसले होते. भावानं तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि मांडीवर काहीतरी जड ठेवलं.

"उघड आता!"

सोनेरी नक्षीच्या जाड चौकटीत तिकीट खिडकी होती. निळा रंग, पुढे आलेला हात, पिवळं तिकीट.

"तुझंच आहे," भाऊ म्हणाला. आनंदानं त्याच्या तोंडात शब्द मावत नव्हते. "तुझ्या आधी जाऊन पैसे भरले, म्हटलं ताईसाठी राखलेलं असेल ते द्या. आणि दुकानदाराला शपथ घातली, जीव गेला तरी सांगायचं नाही! काय बिचारा शिव्या खात होता गं तुझ्या! मी तर हसून हसून..."

सगळे टाळ्या वाजवत होते. सुईताई चौकटीच्या खालच्या कडेकडे बघत होती. चित्र संपत होतं तिथं लगेच सोनेरी लाकूड सुरू होत होतं.

"कड कुठे आहे?" तिनं विचारलं.

"कसली कड?"

"चित्राखाली पांढरी कड असते."

"अगं, ती होय! ही तयार चौकट छान मिळाली, फक्त त्यात बसत नव्हतं. चौकटवाला म्हणाला, पांढरं कापून टाकू का? म्हटलं टाक की, पांढरंच तर आहे. आणि मागून पुठ्ठ्याला पक्कं चिकटवून घेतलंय, आता शंभर वर्षं सुरकुती पडणार नाही."

त्याचा चेहरा फुलला होता. शेजारी चौकटीचं कौतुक करत होते. सुईताईच्या मनात आलं, ही चौकट उचलावी आणि याच्या डोक्यात घालावी. तिनं ती उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. "छान आहे," ती म्हणाली आणि समोर आलेलं सगळं खाल्लं. कशाला चव नव्हती. निघताना भावजय दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, काही चुकलं का हो?"

"उद्या सकाळी नऊ वाजता त्याला चौकटवाल्याकडे पाठव," ती म्हणाली. "मी तिथं उभी असेन."

चौकटवाल्याचं दुकान म्हणजे लाकडाचा भुसा, काचांचे तुकडे आणि सरसाचा वास. रविवारीही तो काम करत होता. भाऊ आला तेव्हा त्याचा झोपेतला चेहरा अजून कालच्याच आनंदात होता.

"कापलेली पट्टी कुठे आहे?" तिनं विचारलं.

चौकटवाल्यानं टेबलाखालची टोपली ओढली. पट्ट्यांवर तो सरसाचा ब्रश पुसायचा, म्हणून फेकत नव्हता. ती खाली बसली आणि एकेक पट्टी काढून बघू लागली. भाऊ वाकून म्हणाला, "ताई, कचऱ्यात काय हात घालतेस? सांग ना काय हवंय."

"पेन्सिलीनं लिहिलेली शोधताय का?" चौकटवाला म्हणाला. "होतं काहीतरी लिहिलेलं. मी साहेबांना विचारलंही, कापू ना नक्की? साहेब म्हणाले, दुकानदारानं खरडलं असेल, काप."

सुईताईनं भावाकडे पाहिलं. भाऊ चौकटवाल्याकडे बघत होता.

ती पट्टी तळाशी सापडली. सरसाचा एक पिवळा फराटा सहीवरून गेला होता. नंबर मात्र स्वच्छ होता, ४१/१००. तिनं पट्टी रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.

तिथून ती पायीच दुकानदाराकडे निघाली. भाऊ चौकट उचलून मागे मागे येत होता, आणि चौकट चांगलीच जड होती. दुकान बंद होतं. दुकानदार वरच राहायचा, तो जिना उतरून खाली आला.

"मी तुम्हाला चोर म्हटलं," ती म्हणाली. "चारचौघांत म्हटलं, आता चारचौघांतच माफी मागते. ग्रुपवर आत्ता लिहिते, तुमच्यासमोर." आणि तिथं पायरीवर उभं राहून तिनं लिहिलं, चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली, दोष माझ्या घरात होता.

दुकानदारानं चौकट पाहिली. खालच्या कडेला बोट लावलं आणि तसंच मागे घेतलं. "मी त्यांना नंबर दाखवला होता हो," तो पुटपुटला. "म्हटलं, हा बघून घ्या. म्हणाले, हो हो."

दोघं घरी आले. जेवणाच्या खोलीत भावानं चौकट टेबलावर ठेवली आणि दुखरे हात चोळत म्हणाला, "ताई, चूक झाली. पण मी प्रेमानंच केलं ना? तुझ्याकडे गोंद असेल. आत्ता खाली चिकटवून देतो, कोणाला कळणारही नाही."

इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या गोंदापाशी फुटलं.

"कोणाला कळणार नाही? मला कळेल! सुटलेली चिठ्ठी मी डॉक्टरला लावू दिली नाही, तुला देईन? प्रेमानं केलंस, माहीत आहे मला. म्हणून तर काल गप्प बसले आणि घास गिळले. अकरा वर्षं या भिंतीखाली जेवतोयस तू. दर रविवारी! एकदा, फक्त एकदा मान वर करून पाहिलं असतंस, तर खाली काय लिहिलंय ते दिसलं असतं. खरडलेलं म्हणे! माझी चेष्टा करायला तुला अकरा वर्षं पुरली नाहीत, आणि बघायला एक मिनिट मिळालं नाही. दोन आठवडे मी जळत होते आणि तू हसत होतास. तुला माझ्या हातात चित्र द्यायचं नव्हतं रे, तुला माझं तोंड बघायचं होतं. बघ आता!"

चेष्टा करायची सवय अशी ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

भाऊ भिंतीकडे वळला. पहिल्या चौकटीजवळ जाऊन त्यानं वाकून पाहिलं. सर्कशीच्या तंबूखाली, पांढऱ्या कडेवर, पेन्सिलीनं लिहिलेलं. "एक्केचाळीस," त्यानं वाचलं. दुसऱ्या चौकटीत दीपगृह होतं. "एक्केचाळीस." तो सावकाश पुढे सरकत गेला, प्रत्येक ठिकाणी थांबत, लहानपणी पाढे म्हणायचा तशा आवाजात. पाचव्यापाशी त्यानं चित्रही पाहिलं. आठव्यापाशी म्हणाला, "हा सिनेमा आपण बाबांबरोबर पाहिला होता."

तो अकराव्यापर्यंत पोचला तेव्हा तिनं टेबलावरची सोनेरी चौकट उचलली आणि शेवटच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली. अकरा साध्या काळ्या चौकटींच्या शेजारी ती भलतीच मिरवत होती. पर्समधली पट्टी तिनं काढली नाही.

भाऊ वाकला. सवयीनं त्याची नजर खालच्या कडेवर गेली, आणि तिथंच थांबली.

"इथं काहीच नाही," तो अगदी हळू म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "ते तू दिलेलं आहे."

आणि ती ताटं घ्यायला आत गेली, कारण रविवार होता आणि जेवायची वेळ झाली होती.