भात्याच्या सणाला पाहिलेला लेथ

आठ नोव्हेंबरला कोणी लेथ बघायला जातं का? आमचे हे गेले, आणि मलाही सोबत घेऊन गेले. जन्मभर टर्नर म्हणून राबलेला माणूस भात्याचा सण विसरला, आमच्या जपानात कारखान्यातल्या यंत्रांची पूजा करून त्यांना सुट्टी देण्याचा दिवस. मी कशी विसरले याची रुखरुख तर त्याहून जास्त. देवाधर्माचं सगळं मीच लक्षात ठेवते असा घरात समज आहे.

आमचा कारखाना मूळचा माझ्या वडिलांचा. हे जावई म्हणून आले आणि तिथलेच होऊन गेले. आठ वर्षांपूर्वी तो बंद केला, तेव्हा वडिलांचा लेथ भंगारात गेला. तो ट्रकवर चढत होता त्या वेळी हे आत मोरीत हात धूत उभे होते. कितीतरी वेळ. त्यानंतर त्यांचे हात कशातच रमले नाहीत. मासेमारी झाली, टोमॅटो लावून झाले. त्यांच्या हातांना काम मिळावं म्हणून नवस बोलून मी चहा सोडला होता. यंदा घरीच लेथ बसवायचा म्हणून आम्ही गाडी विकली, गॅरेजची जमीन जाड काँक्रीटने भरून घेतली, आणि तेवढ्यात हिगाशी-ओसाकातल्या एका कारखान्यात वडिलांच्या लेथच्याच कंपनीचा, त्याच सालचा लेथ विकायला निघाल्याचं कळलं.

तिथलं दार उघडलं तर समोर पुसून लख्ख केलेला लेथ. त्याला गवताची दोरी बांधलेली, दोरीला पांढरे कागद, आणि वर तीन संत्री मांडलेली.

"अगंबाई, आज आठ तारीख," मी हळूच म्हणाले.

"या, या," मालकीणबाई किनुए-सान म्हणाल्या. ब्याऐंशीच्या असतील. नवरा गेल्याला वर्ष होत आलेलं. "हवं तेवढं बघा. फक्त बटण दाबायचं नाही. बावन्न वर्षं राबतोय बिचारा, वर्षातून ही एवढी सुट्टी."

"दोनच मिनिटं..." यांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी माणसांना दोन मिनिटांसाठी बोलवायचे वाटतं?"

हे कानापर्यंत लाल झाले. वडिलांनी त्यांना पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, आवाज ऐकल्याशिवाय मशीन घ्यायचं नाही. उद्या येतो म्हणावं, तर उद्या संध्याकाळी जागा रिकामी करून किल्ल्या घरमालकाला द्यायच्या होत्या. दुपारी एक दलाल येणार होता. कोणाला द्यायचं ते आजच ठरणार होतं.

किनुए-सानांनी चहा आणला. मी पेल्याला हात लावला नाही हे पाहून काही न विचारता गरम पाणी आणून ठेवलं.

ती शांतता मला ओळखीची होती. लहानपणी आमच्या गल्लीत वर्षातून हा एकच दिवस असा जायचा, की शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू यावं. आम्ही मुली झग्याचा ओचा करून कारखान्या-कारखान्यांतून संत्री गोळा करायचो. सालीला तेलाचा वास लागलेला असे. वडील धुतलेले कपडे घालून दारात बसत, आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नसे. मांडीवर ठेवत, काखेत घेत, पुन्हा मांडीवर.

यांनी लेथला हात जोडले, मग बाह्या सरसावल्या. बेडवरून, म्हणजे लेथच्या लांब पाटावरून, नखाची कड फिरवली. एक लोखंडी सळई मशीनला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि काम पकडणारा चक हाताने सावकाश फिरवू लागले. डोळे मिटलेले. पुन्हा फिरवला. पुन्हा.

तेवढ्यात दलाल आला. मोरिवाकी नाव. "काय आजी, अजून पूजाच चाललीय? मी न बघता उचलतो. या काकांपेक्षा थोडे जास्तच देतो."

"थोडे म्हणजे, संत्री धरून का?" किनुए-सान म्हणाल्या.

हे उभे राहिले. "आतल्या एका गिअरचा दाता तुटलाय."

किनुए-सान चपापल्या. "बावीस वर्षं झाली त्याला. आमच्या ह्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं."

"बघा आजी!" मोरिवाकी हसला. "आता भाव उतरणार."

"माझा भाव तोच," हे म्हणाले. "तुकडा बसवून कानशीने दाता घडवीन. महिना लागेल. वेळच वेळ आहे."

"न ऐकता घेणार?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वडिलांचा नियम मोडायला माझी परवानगी मागत होते जणू. मी मान डोलावली.

किनुए-सानांनी एक संत्रं उचलून मोरिवाकीच्या हातात ठेवलं. "रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

"म्हणजे जा म्हणायचंय," तो कुरकुरत गेला. संत्रं मात्र दारातच सोलायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही ट्रक घेऊन हजर. दोरी उतरवलेली होती. बटण किनुए-सानांनीच दाबलं.

मी यांच्याकडे बघत होते. आवाज जरा खरखरीत होता, खालच्या पट्टीतला. वडिलांचा लेथ गुणगुणायचा. हा घसा खाकरल्यासारखा बोलत होता. हे मान खाली घालून ऐकत राहिले. मला वाटलं, संपलं. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे नव्हतंच.

"सासऱ्यांच्या लेथसारखा नाही हा," शेवटी ते म्हणाले.

किनुए-सानांचा चेहरा पडला. "मग?"

"मग काय, हा हाच आहे." त्यांनी बटण बंद केलं. "तुमचे मालक तेल कुठे कुठे घालायचे?"

"दर सोमवारी. नऊ ठिकाणी."

यांनी कुपी घेतली आणि वाकले. एक, दोन, तीन. आठवर अडले. खाली बघितलं, मागे बघितलं, गुडघे टेकून पुन्हा बघितलं.

"सरका," किनुए-सान म्हणाल्या. त्यांनी कमरेला बांधलेल्या कामाच्या कापडाने बोट पुसलं, मशीनच्या पाठीमागे खांद्यापर्यंत हात घातला आणि यांचं बोट धरून तेलाचं नववं भोक दाखवलं.